सुळ्याच्या शेजारचा दात

दातांच्या तपासणीची रांग कॉलेजच्या पोर्चमधून वळून पार सायकल स्टँडपर्यंत गेली होती, आणि मधुरा त्या रांगेतून निसटून जिना चढत होती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर एक तरुण पेरू खात बसला होता. पेरूला काळं मीठ लावलेलं. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन. तिला पाहून तो बंगालीत म्हणाला की वरती सगळं बंद आहे. निदान त्याला तेच म्हणायचं असावं. प्रत्यक्षात तो म्हणाला की आकाश बंद आहे. मधुराला हसू आलं, आणि हसू आलं की तिचा उजवा हात आपोआप ओठांवर जायचा, तसा तो गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो आई, खाल्लं... नाही, नाही दाखवले दात. नाही दाखवणार. संध्याकाळी बोलू."

फोन ठेवून ती वळली तर तो स्वच्छ मराठीत विचारत होता, "का नाही दाखवणार?"

"तुम्ही मराठी आहात?"

"आहे. बंगाली नाही, हे तुम्ही ऐकलंतच."

"आणि इथे काय करताय?"

"लपलोय. सकाळपासून लोकांच्या तोंडात बघतोय. म्हटलं, जरा वेळ आपल्या तोंडात काहीतरी घालावं."

त्याच्या शेजारी घडी घातलेला पांढरा कोट होता. तो मधुराला आत्ता दिसला, आणि तिचा चेहरा पडला.

त्याचं नाव केयूर. दंतवैद्यकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होता. वडील तेल कंपनीत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी बदली, या खेपेला कोलकात्याजवळ बजबजला. त्याच्या प्रबंधाचा विषय त्याने पेरूची बी दातातून काढता काढता सांगितला. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींत जन्मजात वेगळे दात किती जणांना असतात, हे त्याला शोधायचं होतं. किडलेले किंवा पडलेले नव्हे, मुळातच वेगळे. कुणाला एखादा दात आलेलाच नसतो, कुणाला एक जास्तीचा असतो. कुणाचे दोन दात जुळलेले, कुणाचा दुधाचा दात विशी उलटली तरी जागेवर बसून.

"म्हणजे वाईट दातांची मोजणी," मधुरा म्हणाली.

"वेगळ्या दातांची. आणि ते इतक्या जणांना निघतात, की कधीकधी वाटतं, नीट बत्तिशी हीच दुर्मीळ गोष्ट असावी. फक्त कुणी बोलत नाही. प्रत्येकाला वाटतं, जगात हे एकट्या आपल्यालाच आहे."

मधुराला नेमकं तेच वाटत आलं होतं. वरचे पुढचे दोन दात सोडले की त्यांच्या शेजारचा, सुळ्याच्या अलीकडचा तिचा डावा दात तांदळाच्या दाण्यासारखा होता. इवलासा, टोकदार. बालीगंजच्या शाळेत मुली तिला 'इंदुर' म्हणायच्या, म्हणजे उंदीर.

"मला बघू द्याल?" केयूरने विचारलं. "नाही म्हणालात तरी चालेल. मी पेरू संपवतो."

का कोण जाणे, तिने तोंड उघडलं. त्याने कोटाच्या खिशातून झाकणबंद डबी काढली, त्यातला छोटा आरसा धरला आणि तिची मान उजेडाकडे वळवली. त्याच्या बोटांना सॅनिटायझरचा वास होता. तो आरसा फिरवून फिरवून बघत राहिला.

"काय?" तिने कसंबसं विचारलं.

"काही नाही," तो हळूच म्हणाला. "सुरेख आहे."

दाताला कुणी सुरेख म्हणतं का? पण मधुराने ते दिवसभर मनात घोळवलं.

*

केयूरला बंगाली येत नव्हतं, आणि कोलकात्याच्या मुलामुलींकडून तोंड उघडवून घ्यायचं म्हणजे आधी बंगालीत दोन शब्द बोलणं भाग होतं. त्यामुळे पुढच्या तपासण्यांना मधुरा त्याच्यासोबत जाऊ लागली. ती जन्मापासून इथलीच, पणजोबा नोकरीसाठी आले आणि बालीगंजलाच राहिले. ती रांगेतल्यांशी गप्पा मारायची, त्यांची भीती घालवायची, आणि केयूर दिवा लावून एकेकाच्या तोंडात डोकवायचा. मग दोघं रस्त्यावर मातीच्या भांड्यातून चहा प्यायची. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, दोघांनाही कळलं नाही.

सगळं छान होतं. फक्त एक गोष्ट मधुराला सोसत नव्हती. एखादा नवलाचा दात सापडला की केयूर उजळून निघायचा. जादवपूरच्या एका मुलीचे खालचे दोन दात जुळलेले निघाले, तर तो संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होता.

"इतकी सुंदर रेघ होती मधे, मधुरा. जणू कुणीतरी नखाने ओढलीये."

"नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"त्या जुळ्या दातवालीचं."

केयूरने आठवून पाहिलं. "नाव नाही लक्षात. दात लक्षात आहे."

मधुराला बरं वाटलं. आणि ट्राममध्ये बसल्यावर पुन्हा वाईट वाटलं. माझंही तसंच असेल तर? याच्या लक्षात मी आहे, की माझा दात?

तिने त्याला सरळ विचारलं नाही. पण एक दिवस चहा पिताना तोच म्हणाला, "तुझ्या घरी आणखी कुणाला आहे का असा दात? घराण्यात चालतं हे. बहीण, भाऊ..."

"चुलत बहीण आहे. रसिकाताई. आमच्याकडेच राहते सध्या," मधुरा म्हणाली. आणि लगेच तिला वाटलं, उगाच बोलले.

*

रसिका सांगलीची, मधुराच्या काकांची मुलगी. बँकेतली नोकरी लागून कोलकात्याला आली आणि पुतणीने भाड्याने का राहायचं म्हणून रघुनाथरावांनी, म्हणजे मधुराच्या बाबांनी, तिला घरीच ठेवून घेतलं. मधुराचा तिच्यावर जीव होता. पण रसिकाताई हसली की खोलीत दुसरं कुणी उरत नसे. पांढरेशुभ्र, एका ओळीत बसवल्यासारखे दात. मधुराची आई पुष्पाबाई तर दहादा म्हणायच्या, "आमच्या रसिकाचं हसू बघा." म्हणायच्या आणि मग मधुराकडे पाहून काहीतरी दुसरंच बोलायच्या. ते दुसरं बोलणंच मधुराला जास्त लागायचं.

त्यातच हावड्याला ओतकामाचा छोटा कारखाना असलेल्या एका जुन्या मराठी कुटुंबातल्या विराजशी रसिकाचं जमत आलं होतं. विराजची आई, लीनाकाकू, मराठी मंडळाच्या गणपतीत तिला पाहून म्हणाल्या होत्या, "मी तर हिचं हसू बघूनच ठरवलं."

केयूर रविवारी जेवायला आला. पुष्पाबाईंनी मसालेभात केला, केयूर येताना गुळाची बंगाली मिठाई, संदेश, घेऊन आला. बाबांशी त्याचं लगेच जुळलं. मग रसिका आतून आली आणि हसून म्हणाली, "हेच का ते दातांचे डॉक्टर?"

केयूरने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. पाहतच राहिला. अगदी क्षणभरच, पण मधुराच्या हातातला भाताचा डाव तेवढ्यात थांबला. आणि रसिकाही एकदम गंभीर झाली आणि तिने ओठ मिटून घेतले.

"रसिकाताई, तू पण दाखव ना दात," मधुरा मुद्दाम म्हणाली. "त्याच्या अभ्यासाला हवेत."

"माझे चांगले आहेत. मला नाही दाखवायचे," रसिका म्हणाली.

"राहू दे," केयूर घाईने म्हणाला. "गरज नाही."

मधुराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जो माणूस अनोळखी पोरांना पाठलाग करून तोंड उघडायला लावतो, त्याला आज गरज नाही? जेवणभर केयूरने रसिकाकडे पुन्हा वर मान करून पाहिलं नाही. पाहत होता तेव्हा मधुराला जितकं टोचलं, त्याहून ते न पाहणं जास्त टोचलं.

निघताना दाराशी तिने विचारलं, "कशी वाटली रसिकाताई?"

"चांगली आहे."

"सुरेख आहे ना?"

"असेल," तो बूट घालत म्हणाला. "मधुरा, भात मात्र..."

"भाताचं सांगू नकोस."

तो हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय.

*

पुढच्या आठवड्यात रसिकाच्या फोनवर केयूरचं नाव मधुराला दिसलं. फोन टेबलावर होता, रसिका आंघोळीला गेली होती. मधुराने फोन उचलला नाही. तो वाजून बंद होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

शनिवारी केयूरने तिला बजबजला बोलावलं होतं. तिथल्या घाटावरून नदी फार रुंद दिसते, तेलाच्या टाक्यांमागे सूर्य बुडतो, असं तो केव्हापासून सांगत होता. शुक्रवारी त्याचा निरोप आला : 'उद्या नको. अचानक काम निघालं. पुढच्या शनिवारी नक्की.' त्याच संध्याकाळी रसिका पुष्पाबाईंना म्हणाली, "काकू, उद्या मला बँकेत थांबावं लागेल. उशीर होईल."

महिन्यातला दुसरा शनिवार होता. दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधुरा बालीगंज स्टेशनवर जाऊन बजबजच्या गाडीत बसली. वाटेत तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. तिथे काही नसेल. आपण नदी बघू आणि परत येऊ. केयूर शनिवारी एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतो, तो ज्यूट मिलच्या रस्त्यावर आहे, एवढं तिला ठाऊक होतं. मिलची भिंत संपली, चहाचं दुकान गेलं, आणि दवाखान्याची पाटी दिसली.

दार उघडलं आणि रसिका बाहेर आली. शालीचा पदर तिने तोंडावर घट्ट धरला होता. डोळे रडून लाल. तिच्यामागून केयूर आला. तो खाली वाकून तिला काहीतरी सांगत होता, अगदी हळू आवाजात, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. रसिका मान हलवत होती. मग तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि रिक्षात बसून निघून गेली.

मधुरा हलली नाही. केयूर आत वळणार तेवढ्यात त्याला ती दिसली.

"तू... इथे?"

"काम निघालं होतं ना तुझं. बघायला आले, काय काम आहे ते."

"मधुरा—"

"ती का आली होती?"

रस्त्यावरून तागाच्या गठड्यांचा ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

"ते मी नाही सांगू शकत," तो म्हणाला.

"का?"

"तिला विचार."

"मी तुला विचारतेय."

"माझ्याकडे आलेल्या कुणाहीबद्दल मी बोलत नाही. उद्या कुणी तुझ्याबद्दल विचारलं, तरी नाही बोलणार."

"पेशंट होती, असं म्हणायचंय? तिचे दात चांगले आहेत. ती स्वतः म्हणाली. तूच म्हणालास, बघायची गरज नाही."

केयूरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. त्याला बोलायचं होतं, हे तिला दिसत होतं, आणि तो बोलत नव्हता. म्हणूनच तिचा तोल गेला.

"माझा दात तुझ्या अभ्यासातून काढून टाक," ती म्हणाली.

"मधुरा, असं—"

"लोकांना सांगितलंस ना, नको असेल तर केव्हाही नाव मागे घ्या? मी घेतेय."

केयूरचा चेहरा उतरला. "काढतो," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. घाटाच्या बाजूला तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

*

त्यानंतर त्याचे फोन आले, तिने घेतले नाहीत. मग ते येणं बंद झालं, आणि तेही तिला सहन होईना. घरात रसिका पूर्वीसारखीच वागत होती, फक्त कमी हसत होती, कमी खात होती. पुष्पाबाई म्हणायच्या, लग्नाआधी मुलींची भूक मरतेच. मधुराच्या मनात यायचं, भूक कशाने मरते ते मला विचार. एकदा रात्रीचं जेवताना रसिकाने पोळी दुधात कुस्करून घेतली, तर मधुरा म्हणाली, "आजारी आहेस की कुणासाठी बारीक होतेयस?" रसिकाने तिच्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, कोपऱ्यात पोरांची बोरन्हाणं. हावड्याहून लीनाकाकू आल्या होत्या, विराजही त्यांना सोडायला म्हणून आला आणि रेंगाळला. साखरपुड्याची तारीख आज ठरायची होती. लीनाकाकूंनी स्वतः केलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा उघडला. वड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण ते कोण बोलणार?

"रसिका, तू घे आधी," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"काकू, मी... नंतर घेते. आत्ताच खाल्लंय."

मधुरा शेजारीच उभी होती. ताईने सकाळपासून पेजेशिवाय काही घेतलेलं नाही, हे तिला माहीत होतं. तिला तो नखरा वाटला. सगळ्यांनी हिची मनधरणी करायची, आणि ही मान वेळावून नको म्हणणार. जे जे दुसऱ्याचं, ते ते न मागता हिच्या पदरात.

"काही खाल्लेलं नाही हं तिने, लीनाकाकू," मधुरा गोड आवाजात म्हणाली. "खा ना ताई. इतक्या प्रेमाने केल्यात. घे, मीच भरवते." आणि तिने सगळ्यांदेखत वडी रसिकाच्या ओठांपाशी नेली.

रसिकाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. मधुराला ती दिसली, आणि तरीही तिने हात मागे घेतला नाही. विराज बघत होता, लीनाकाकू बघत होत्या. रसिकाने वडी दाढेकडून चावायचा प्रयत्न केला. वडी तुटली नाही. तिने थोडा जोर केला.

बारीकसा आवाज झाला. रसिकाने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती गर्दीतून वाट काढत मागच्या खोलीकडे धावली.

"काय झालं?" लीनाकाकू म्हणाल्या.

"ठसका लागला असेल. मी बघते," मधुरा म्हणाली.

मागच्या खोलीत सतरंज्या आणि गणपतीची मखरं रचून ठेवली होती. रसिका भिंतीकडे तोंड करून उभी होती. मधुराने तिला वळवलं. रसिकाने हात खाली घेतले. वरच्या ओळीत, सुळ्याच्या अलीकडे, मधुराचा तांदळाचा दाणा जिथे होता नेमकी तीच जागा रिकामी होती. दात रसिकाच्या तळहातावर होता.

"आलेच नव्हते मला ते," रसिका म्हणाली. फटीतून हवा जाऊन तिचे शब्द बोबडे होत होते. "दोन्ही बाजूंचे. दुधाचे पडले, आणि मग तिथे काही आलंच नाही. शाळेत खोट्या दातांची काढायघालायची पट्टी होती. नववीत गॅदरिंगला नाटकात बोलताना ती स्टेजवर पडली. अख्खी शाळा हसली, मधू. बारावी होईपर्यंत मला कुणी रसिका म्हणालं नाही. मग बाबांनी हे पक्के बसवून घेतले. तुम्ही इतक्या लांब, तुम्हाला कसं कळणार? आणि सांगायला तोंड कुठे होतं?"

मधुराने मागे जाऊन दाराची कडी लावली.

"इथे आल्यावर हा हलायला लागला. तुझ्या केयूरला पहिल्या दिवशीच कळलं. मी हसले, त्याने बघितलं, आणि मला समजलं की याने ओळखलं. मग मीच त्याला फोन केला. म्हटलं, कुणाला सांगू नका... मधूलासुद्धा नाही. तो म्हणाला, मधुराला सांगा, तिच्याइतकं कुणाला समजणार नाही. दरवेळी म्हणाला. पण मी कसं सांगू? तुम्ही सगळे माझ्या हसण्याचं कौतुक करता. लीनाकाकूंनी तर हसण्यावरच पसंत केलं. ते जर उसनं निघालं, तर माझ्यात उरलं काय?"

"ताई," मधुरा म्हणाली, "मी मुद्दाम दिली ती वडी."

"माहितीये. तुला वाटत होतं मी... त्याच्या मागे आहे."

"तुला कळलं होतं?"

"तू मला आठवडाभर चहा दिला नाहीस," रसिका म्हणाली, आणि रडतारडताच तिला हसू फुटलं. मधुराही रडू लागली. दोघी सतरंज्यांच्या ढिगावर बसून एकमेकींना धरून रडल्या.

मग मधुराने केयूरला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"ताईचा दात निघाला," ती म्हणाली. "माझ्यामुळे. तू येशील?"

"दात जपून ठेवा. पाण्यात नको, स्वच्छ रुमालात. मी शहरातच आहे, येतो." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. दुसरं काही विचारलं नाही.

तो यायच्या आधी दार वाजलं. बाहेर विराज होता, हातात पाण्याचा पेला घेऊन. मधुरा त्याला परत पाठवणार होती, पण रसिका म्हणाली, "थांब, मधू. येऊ दे त्यांना." ती उभी राहिली. तोंडावर हात न घेता तिने विराजला सगळं सांगितलं, शाळेतल्या पट्टीपासून तळहातावरच्या दातापर्यंत. ती मधे थांबली नाही.

विराजने पाण्याचा पेला मखराशेजारी टेकवला. मधुराला वाटलं, आता हा वळेल आणि जाईल.

"मला वाटत होतं, तुम्हाला मी आवडत नाही," तो अखेर म्हणाला. "चार वेळा जेवायला बोलावलं. तुम्ही काहीच खात नव्हता."

"आणि तुमच्या आईंना..."

"आईला मी सांगतो. नाही, तुम्हीच सांगा. मी बाजूला उभा राहतो." मग त्याने जरा विचार केला. "वडीचं मात्र तिला सांगू नका. ती दुखावेल."

लीनाकाकूंनी पुढे दोन दिवस अबोला धरला, कारण आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रसिकाला फोन करून विचारलं, साखरपुड्याला मऊ काय करायचं.

*

केयूरने त्या दुपारी मंडळाच्या ऑफिसात खिडकीशी खुर्ची ओढून दात तात्पुरता बसवला. मधुराने दिवा धरला. काम चाललं होतं तेवढा वेळ तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. "जरा वर. डावीकडे. बस." रसिका आरशात पाहून आली, त्याचा हात हातात घेतला आणि बाहेर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं.

"केयूर, मी..."

"मधुरा, तुला संशय आला त्याचं मला इतकं नाही वाटलं," तो हत्यारं पुसत म्हणाला. "जे दिसलं ते तसंच होतं. पण मी कसा आहे, हे तुला कळायला हवं होतं. महिनाभर माझ्याबरोबर हिंडलीस. आणि तुला वाटलं, मी एवढ्यात उठून..."

"मला वाटलं, कुणीही ताईकडे पाहिलं की पुढे माझ्याकडे कशाला बघेल," मधुरा म्हणाली. "लहानपणापासून हेच वाटतं. तुझ्याबद्दल नव्हतंच ते. माझ्याबद्दल होतं."

केयूरने पुसणं थांबवलं.

"मी तिच्याकडे बघत होतो, कारण मला कळलं होतं," तो म्हणाला. "एकाच घरातलं एकच लक्षण. तुझ्यात ते लहान होऊन आलं, तिच्यात आलंच नाही. आणि मला वाटत होतं, या दोघी एकाच घरात राहतात, एकमेकींचा हेवा करतात, आणि कुणी कुणाला सांगत नाही."

"ताई माझा हेवा करते?"

"तिने मला विचारलं होतं, मधुराचा आहे तसा निदान एवढासा तरी दात मला का नाही आला?"

बाहेर बायका उखाणे घेत होत्या, मधेच हशा उठत होता.

"तू रागावलायस अजून?"

"हो," केयूर म्हणाला. "दोन-तीन दिवस राहीन बहुतेक. मग फोन करीन. तेव्हा घे."

तिने घेतला. पहिल्या घंटीलाच.

*

रसिकाचा साखरपुडा फाल्गुनात हावड्याला झाला. परतताना घरची मंडळी टॅक्सीने पुढे गेली, आणि केयूर-मधुरा बाबूघाटाच्या बोटीत चढली. हवेत उकाड्याची पहिली चुणूक होती. पुलावरचे दिवे नुकते लागत होते. कठड्याशी उभं राहून दोघं वाऱ्याला तोंड देत होती.

"त्या फोटोग्राफरशी इतका वेळ काय बोलत होतास?" मधुराने विचारलं. "हिरव्या साडीतल्या."

"तिला वरचा एक दात जास्तीचा आहे. टाळूच्या बाजूला. तुला दिसला नाही?"

"मला तू दिसत होतास. तिच्याकडे वाकून बघणारा."

"मधुरा."

"मला हेवा वाटतो. आधीच सांगून ठेवते. तू ज्यांच्या ज्यांच्या तोंडात बघतोस, त्या सगळ्यांचा वाटतो. म्हाताऱ्या आजींचासुद्धा. हे जाणार नाही."

"लग्न केलं तर कमी होईल?"

तो हे इतक्या सहज म्हणाला, की मधुराला क्षणभर नदीचा आवाजच ऐकू येईना. तिने कठडा घट्ट धरला.

"वाढेल," ती म्हणाली.

"किती?"

"पुष्कळ. रोज विचारीन, आज कोण कोण आलं होतं."

"मी नावं सांगणार नाही."

"माहितीये. म्हणून तर..." पुढचं तिला बोलता आलं नाही.

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर तू हवास."

केयूरने तिचा कठड्यावरचा हात आपल्या हातात घेतला. बोलायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि या खेपेला त्याचं गप्प राहणं मधुराला मुळीच टोचलं नाही.

बोट बाबूघाटाच्या धक्क्याला लागली. दोर फेकले गेले, फळी पडली, पिशव्या सावरत माणसं उतरली. दोर बांधणाऱ्याने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "नामबेन ना?" म्हणजे, उतरणार नाही का?

केयूरने मधुराकडे पाहिलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत त्या माणसाला सांगितलं की नाही, आम्हाला परत जायचंय. हावड्याला. आणि मग पुन्हा इकडे.

या वेळचं त्याचं बंगाली बरोबर होतं. दोर सुटले, आणि बोट वळली.